आधी तांबं तापवा

(घिवली इथे तरुण-तरुणींसाठी झालेल्या दोन दिवसांच्या इलेक्ट्रॉनिक्स किट कार्यशाळेच्या सुरुवातीला केलेलं भाषण)



तुमच्या प्रत्येकाच्या पुढ्यात एक प्लास्टिकची पिशवी आहे. ती फोडायची घाई करू नका. आतले भाग इतके बारीक आहेत की एकदा फरशीवर सांडले तर सकाळ शोधण्यातच जाईल. आत काय आहे ते मीच सांगते. बीसी ५४७ नावाचे दोन ट्रान्झिस्टर, एक लाल आणि एक हिरवा एलईडी, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, तळहातापेक्षा लहान पीसीबी आणि चार पेन्सिल सेल बसतील असा डबा. सगळं नीट जोडलं की दोन एलईडी आलटूनपालटून लुकलुकतात. बस, एवढंच.

नाव नोंदवताना तुमच्यातल्या तिघा-चौघांनी मला विचारलं, "आपा, हे खेळणं कशाला? सरळ मोबाइल रिपेअरिंग शिकवा ना." प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागेल, तेवढा द्या.

तुमच्यातल्या किती जणांनी कल्हईवाला पाहिला आहे? तीन हात वर आले. तुमच्या अम्मीला, दादीला विचारा, त्यांना नक्की आठवेल. गल्लीच्या तोंडाशी बसायचा, जमिनीत छोटी भट्टी, शेजारी भाता. तांब्या-पितळेचं पातेलं आधी घासून स्वच्छ करायचा, मग निखाऱ्यावर तापवायचा, त्यात चिमूटभर नवसागर टाकायचा. भपकन पांढरा धूर. लगेच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गर्रकन फिरवायची. पातेलं आतून चांदीसारखं! आम्हा पोरांना ती जादू वाटायची. ती रसायनशास्त्राची गोष्ट होती आणि आज तुम्ही नेमकं तेच करणार आहात, फक्त पातेल्याऐवजी मोहरीएवढ्या तांब्याच्या चकतीवर.

तांबं हवेत राहिलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. कथील त्या थराला चिकटत नाही. नवसागर तापला की तो थर खातो, खालचं स्वच्छ तांबं उघडं पडतं आणि कथील तिथे धरतं. तुमच्या हातात जी सोल्डरची तार येईल ती आतून पोकळ आहे आणि त्या पोकळीत राळ भरलेली आहे. पाइनच्या झाडाच्या चिकापासून मिळते ती राळ. नवसागराचं काम इथे ती करते. मग नवसागरच का नको? कारण त्याचा जो अंश मागे राहतो तो तांबं खात सुटतो. पातेलं धुऊन टाकता येतं. पीसीबीवरच्या बारीक पायांखाली अडकलेला नवसागर कोण धुणार? राळ गरम असताना काम करते आणि थंड झाली की गुपचूप पडून राहते. बाजारात डबीत मिळणारी कसलीही पेस्ट इलेक्ट्रॉनिक्सला लावू नका, असं मी म्हणते ते एवढ्यासाठीच. नळजोडणीची पेस्ट नळालाच.

आता तारेतला धातू. नुसतं कथील २३२ अंशांना वितळतं, नुसतं शिसं ३२७ अंशांना. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं तर ते मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं, म्हणजे दोघांपेक्षाही कमी तापमानाला. विचित्र वाटतं ना? कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो आणि बर्फ शून्याच्याही खाली वितळायला लागतो, हा त्याच्याच जवळचा प्रकार. या ६३-३७ च्या मिश्रणाची आणखी एक खोड आहे. ते मधल्या लापशीसारख्या अवस्थेत रेंगाळत नाही, पातळ असतं ते थेट घट्ट होतं. शिकणाऱ्याला हे फार सोयीचं, कारण थंड होताना हात हलला तर जोड बिघडतो आणि इथे हात स्थिर ठेवायचा वेळ कमी लागतो.

नव्वद टक्के नवशिके जिथे घसरतात ती जागा आता ऐका. आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवायचं आणि ते थेंबासारखं जोडावर नेऊन ठेवायचं, असं प्रत्येकाला वाटतं. गोंद लावल्यासारखं. तसं केलंत तर राळ वाटेतच जळून जाते आणि थंड तांब्यावर सोल्डर गोळा होऊन बसतं. अळवावरचं पाणी पाहिलंय ना? पानावर आहे, पण पानाचं नाही. पान कलंडलं की गेलं. तसा जोड दिसायला जोड असतो, पण आत धरलेला नसतो.

आधी तांबं तापवा. आयर्नचं टोक भागाच्या पायाला आणि चकतीला, दोघांनाही एकाच वेळी टेकवा. मनात एक, दोन म्हणा. मग तार समोरच्या बाजूने आणा, आयर्नला नव्हे, पायाला लावा. तांबं पुरेसं तापलं असेल तर सोल्डर आपोआप पळत जाऊन पायाभोवती पसरेल. आधी तार काढा, नंतर आयर्न. मग श्वास रोखल्यासारखे थांबा. सगळं मिळून तीन-चार सेकंद. याहून जास्त रेंगाळलात तर चकती बोर्डावरून सुटते. चांगला जोड चकचकीत दिसतो आणि पायाकडे उतरत्या घसरगुंडीसारखा चढलेला असतो. ओल्या वाळूत काठी रोवून भोवती वाळू दाबली की जसा आकार होतो, तसा. गोल मणी दिसला, किंवा मातकट, खरखरीत दिसला, तर पुन्हा तापवा.

दुरुस्तीच्या दुकानात अशा न धरलेल्या जोडाला 'ड्राय' म्हणतात. "सोल्डर ड्राय झालंय, भाई." माझी सोळा वर्षं या ड्रायच्या मागे धावण्यात गेली. डिप्लोमानंतर मी बोईसरमध्ये कारखान्यांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करायला लागले. एका कारखान्यातून एक कार्ड आलं. सकाळी चालायचं, दुपारी बंद पडायचं, संध्याकाळी पुन्हा चालायचं. तिथल्या लोकांनी तर नजर लागल्यापर्यंत चर्चा नेली होती. माझ्या टेबलावर ते मुकाट चालत राहिलं. शेवटी हेअर ड्रायरने गरम करत करत एकेक भाग तपासला. एका रिलेच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर होती, भिंगाखालीच दिसणारी. रिले जड, रोज तापतो, रोज थंड होतो, तांबं आणि सोल्डर सारखं प्रसरण पावत नाही, वर्षानुवर्षं ओढाताण होऊन चीर पडते. दुपारी तापलं की चीर उघडायची. जोड पुन्हा मारायला दहा सेकंद लागली. शोधायला दोन दिवस. मला पैसे मिळाले ते त्या दोन दिवसांचे.

आपल्या बोईसर-पालघरच्या मोबाइल दुकानांत आपलीच कितीतरी मुलं बसलेली आहेत. हात विलक्षण चालाख. पण बहुतेकांचं काम स्क्रीन बदल, बॅटरी बदल, चार्जिंगचा भाग बदल, एवढ्यावर थांबतं. बोर्डात खरोखर बिघाड असला की फोन मुंबईला जातो, लॅमिंग्टन रोडला किंवा आणखी कुठे, आणि पैसाही तिकडेच जातो. हात कमी पडतो असं मला वाटत नाही. नकाशा वाचता येत नाही, वीज कुठून कुठे चालली आहे ते सांगता येत नाही, तिथे घोडं अडतं. याच्या उलटं टोकही मी रोज पाहते. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला मुलगा ओहमचा नियम तीन पद्धतीने सिद्ध करून दाखवतो आणि आयर्न उलटं धरतो. एकाला मिस्त्री म्हणायचं, दुसऱ्याला साहेब. मिस्त्रीने वही उघडायची नाही आणि साहेबाने हात काळे करायचे नाहीत, ही वाटणी आपण सगळ्यांनी फार गुमान मान्य केली आहे.

म्हणून हे खेळणं. यात नकाशा आणि हात दोन्ही एकदमच लागतात. तुमच्या चार रेझिस्टरपैकी दोन ४७० ओहमचे आहेत, पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. दोन ४७ हजार ओहमचे, पट्टे पिवळा, जांभळा, नारिंगी. फरक फक्त तिसऱ्या पट्ट्याचा, आणि मूल्यात शंभर पट. पिवळ्या बल्बखाली तपकिरी आणि नारिंगी ओळखून दाखवा, मग बोलू. ४७० वाला एलईडीला सांभाळतो. हिशेब करा. सहा व्होल्ट येतात, एलईडी स्वतःकडे साधारण दोन ठेवतो, उरले चार. चार भागिले ४७०, म्हणजे आठ-साडेआठ मिलिअँपिअर. एलईडी खुशीत. रेझिस्टर नसता तर एलईडी जळला असता. ४७ हजारवाला वेळ ठरवतो. त्यातून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हळूहळू भरतो, भरला की एक ट्रान्झिस्टर चालू होतो आणि दुसऱ्याला बंद पाडतो, मग दुसरीकडचा कपॅसिटर भरायला लागतो. हा झोपाळा पाव ते एक तृतीयांश सेकंदाला एकदा हलतो. उद्या मी तुम्हाला दहाच्या जागी १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर देईन. काय होईल ते लावण्याआधी कागदावर लिहायचं. लिहिलेलं आणि दिसलेलं जुळलं की मला येऊन सांगा. त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो ते पाहायला मला आवडतं, लपवत नाही.

इथून दगड मारला तर पोहोचेल अशा अंतरावर (मारू नका, जवान उभे असतात) तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. त्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभ्या करून दिल्या होत्या. तिसरी आणि चौथी २००५-०६ मध्ये सुरू झाली, प्रत्येकी ५४० मेगावॉटची, भारतीय रचनेची. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, ते इथे कुणाला सांगायची गरज नाही. विकत घेण्यापासून स्वतः बनवण्यापर्यंतच्या मधल्या काळात काय झालं? तर बऱ्याच लोकांनी टेबलाशी बसून हे काम शिकून घेतलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पन्नासच्या दशकात तरुण मंडळींनी टिफ्रॅक नावाचा संगणक बनवला. १९६० मध्ये तो पूर्ण चालू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब आणि १२,५०० रेझिस्टर होते. एका रेझिस्टरला दोन टोकं. फक्त रेझिस्टरची म्हणून २५,००० टोकं जोडायची! तुमच्या पीसीबीवर पंचवीसच्या आसपास जोड आहेत, हे आठवून मग तक्रार करा. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातून पुढे १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली. केंद्राच्या भिंतीपलीकडे काय आहे हे आपल्याला कुणी दाखवणार नाही. पण त्या भिंतीपलीकडच्या कामाची पहिली पायरी या पिशवीत आहे, हे खरं.

आणि हे सगळं मोठ्या संस्थांतच होतं असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएचडी केलेला, हिंदुस्थान लीव्हरमध्ये संशोधन करणारा माणूस नोकरी सोडून दुष्काळी गावात गेला आणि शाळेत नापास ठरलेल्या मुलांना वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, बांधकाम शिकवत त्यातूनच विज्ञान शिकवू लागला. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने आपल्या देशाबाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक तिथे काढली. पाबळला! मुंबईला नाही, पुण्याला नाही. आयआयटी मुंबईने सौर अभ्यासदिव्यांचा कार्यक्रम केला तेव्हाही दिवे जोडायचे, विकायचे आणि बिघडले तर दुरुस्त करायचे ते स्थानिक माणसांनीच, अशी त्याची आखणी होती. दिवा फुकट वाटला तर तो सहा महिन्यांत माळ्यावर जातो. शेजारच्या मुलीला दुरुस्त करता येत असला तर तो चालतो.

मुलीचं नाव काढलं म्हणून इथे थांबते. आज इथे मुली नऊ आहेत, मुलगे एकवीस. तिघींच्या घरून मला फोन आले. "गरम काम आहे, हात भाजेल." त्या घरांत त्याच मुली रोज पंचवीस भाकऱ्या थापतात. तवा दोनशे अंशांच्या वर असतो आणि त्याला प्लास्टिकची मूठही नसते. तिथे भाजलं तर हळद लावायची, इथे भाजलं तर शिक्षण बंद! मी पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या असेंब्ली लाइनवर सोल्डरिंग बायका करतात, कारण म्हणे त्यांचा हात बारीक. मग तोच बोर्ड बिघडून परत आला की दुरुस्तीच्या टेबलावर पुरुष बसतो आणि त्याचा पगार जास्त असतो. हात चालतो, पण निदान करायला डोकं आमचं नको. मुलींनो, नकाशा वाचायचा तास उद्या आहे. स्वयंपाकाच्या निमित्ताने घरी थांबू नका. मुलग्यांनो, तुम्ही तुमच्या बहिणीला घेऊन या, आणि तिच्यासाठी आयर्न तुम्ही धरू नका.

थोडं सावधगिरीचं. ओढणी, दुपट्टा, हिजाब, सगळं पिनने घट्ट लावा, आणि शक्यतो सुती असू द्या. नायलॉन ३५० अंशांच्या टोकाला लागला तर वितळून कातडीला चिकटतो. आयर्न नेहमी स्टँडमध्ये. पडताना दिसलं तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. जो धूर निघतो तो राळेचा आहे, शिशाचा नाही. एवढ्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. पण राळेचा धूर दम्याच्या माणसाला वाईट, म्हणून खिडक्या उघड्या आणि पंखा धूर बाहेर ओढेल असा ठेवला आहे. शिसं शरीरात जातं ते बोटांवरून तोंडात. म्हणून टेबलावर चहा नाही, वडापाव नाही, तार दातात धरणं तर मुळीच नाही. उठलात की साबणाने हात धुवायचे, नुसतं पाणी चालणार नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका असतील तिथे बिनशिशाची तार वापरायची. ती २१७ अंशांच्या पुढे वितळते, जोड थोडा मंद दिसतो, हाताला जरा अवघड जाते. युरोपने २००६ पासून बहुतेक उपकरणांत शिशावर बंदी घातली आहे, आपल्याकडच्या ई-कचरा नियमांतही मर्यादा आहे. पुढे कारखान्यात जाल तेव्हा तीच तार हातात येईल.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. दोन एलईडी लुकलुकले म्हणून लगेच घरचा बंद पडलेला एलईडी बल्ब उघडायला बसू नका. त्यातला बोर्ड थेट २३० व्होल्टवर असतो आणि आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेपर्यंत व्होल्ट साठतात. स्विच बंद केल्यावरही काही वेळ ते तिथेच असतात. तो धडा वेगळा, आणि तो माझ्यासमोरच.

आपल्या किनाऱ्याची एक खास अडचण आहे, ती कुठल्याही किटच्या कागदावर छापलेली नसते. इथली हवा खारी आणि दमट. आतल्या गावात दहा वर्षं टिकणारा जोड इथे दोन-तीन पावसाळ्यांत हिरवा पडतो. म्हणून काम तपासून झालं की बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवायचा आणि वर लॅकरचा पातळ हात द्यायचा. बोटीवर जाणारे इथे कुणी असतील तर त्यांच्यासाठी: इंजिनजवळच्या, बॅटरीच्या वायरला सोल्डर मारू नका. सोल्डर बारीक तारांत वर चढतं, वायर तिथे ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते. तिथे दाबून बसवलेलं टर्मिनल चांगलं. मी सोल्डरिंग शिकवायला आले आहे आणि कुठे सोल्डर करू नये ते सांगते आहे, पण हातोडी मिळाली म्हणून सगळं खिळा होत नाही.

पुढचं काय, तेही विचारलं गेलं. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर करता येतो. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून शाळांतून निघाल्या आहेत. तुमच्या शाळेत आहे का ते विचारा, आणि असेल तर तिची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा, कारण बऱ्याचदा प्रश्न किल्लीचाच असतो. मोबाइलचं काम करायचं असेल तर याच्यापुढे एसएमडी, मग हॉट एअर, भिंगाखाली. सहा महिने रोज तासभर बसलात तर तिथे पोहोचाल. पण सहा महिने बसायला टेबल लागतं. दोन आयर्न, एक मल्टीमीटर, दोन कटर, एक डिसोल्डर पंप, शंभर ग्रॅम तार, चार किट, एवढं अडीच-तीन हजारांत होतं. चार जणांनी मिळून काढले तर एका लग्नातल्या एका टेबलाच्या जेवणाएवढेही नाहीत. इथल्याच एका खोलीत दर रविवारी ते टेबल लावायला परवानगी मिळाली आहे. वही भिंतीला टांगली आहे. ज्यांना यायचं त्यांनी नाव लिहा, आणि कुठलं सामान आणणार ते नावापुढे लिहा.

आता जोड्या करा. एक जोडणार, दुसरा भिंगातून पाहणार आणि बोलणार, पाच जोडांनंतर अदलाबदल. आधी रेझिस्टर, मग कपॅसिटर, त्याच्या अंगावरचा पट्टा म्हणजे वजा बाजू. एलईडीचा लांब पाय अधिक. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू पीसीबीवरच्या चित्राशी जुळवा. सेल शेवटी, मी पाहिल्याशिवाय घालायचे नाहीत. ज्यांचा बोर्ड आज पेटणार नाही त्यांनी तो फेकू नका, वर नाव लिहून त्या निळ्या डब्यात टाका. उद्या सकाळचा पहिला तास त्या डब्यातल्या बोर्डांवर आहे.